मिथेनॉलवरचं जहाज: हिशोब धुराड्यापासून नाही, कारखान्यापासून मांडायचा

पनवेलच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा ज्युनिअर इंजिनीअर म्हणून ज्या कंटेनर जहाजावर जॉइन होतोय, ते मिथेनॉलवर चालणारं आहे. मालवणीच्या विषारी दारूत होतं तेच ना हे? मग मुलाच्या जिवाला धोका किती? आणि सगळे ज्याला स्वच्छ इंधन म्हणतात ते खरंच स्वच्छ आहे, की नुसती जाहिरात? मुंबईत हे येणार असेल तर कसं?

ताई, आधी थेट उत्तर देतो. हो, हे तेच रसायन आहे. जहाजावर ते नीट हाताळलं तर तुमचा मुलगा सुरक्षित राहील, आणि नीट हाताळता येतं हे गेल्या दहा वर्षांत दिसून आलंय. स्वच्छतेचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. मिथेनॉल किती स्वच्छ, हे जहाजाच्या धुराड्याकडे बघून कळत नाही. ते कुठे आणि कशापासून बनलं, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला काही अर्थच नाही. मी चीफ इंजिनीअर म्हणून जहाजं सांभाळली आणि आता किनाऱ्यावर राहून पोरांना हेच काम शिकवतो. त्यामुळे तुमची काळजी मला परकी नाही. जरा सविस्तरच लिहितो.

विषापासून सुरुवात करू, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत असंच झालं होतं. दारूत एरवी असतं ते इथेनॉल. मिथेनॉल त्याचं जवळचं भावंड, दिसायला आणि वासाला जवळपास तसंच. पोटात गेलं की यकृतात त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड होतं आणि मग फॉर्मिक आम्ल. हे आम्ल डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं. दहा मिलिलिटरसारख्या थोड्या प्रमाणानेही दृष्टी जाऊ शकते. त्यातून फसवं असं की पहिले काही तास माणूस ठीकठाक वाटतो. लक्षणं दिसायला बारा ते चोवीस तास लागू शकतात, आणि तोवर आम्ल साचत राहतं. यावर उतारा आहे. फोमेपिझोल नावाचं औषध आहे, ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली इथेनॉल देतात, गरज पडली तर डायलिसिस करतात. पण उपचार वेळेत व्हावे लागतात, आणि भर समुद्रात वेळ हीच मोठी अडचण असते.

जहाजावर कुणी ते पीत नाही हे खरं. पण मिथेनॉल कातडीतूनही शरीरात शिरतं आणि श्वासातूनही. इथे एक आकडा तुमच्या मुलाने पाठच करून ठेवावा. हवेत मिथेनॉलची वाफ सहा टक्के झाली की ठिणगीने पेट घेऊ शकते. आठ तासांच्या कामासाठी श्वासातली सुरक्षित मर्यादा मात्र २०० पीपीएम, म्हणजे ०.०२ टक्के. दोन्हींत तीनशे पटींचं अंतर आहे. आगीसाठी लावलेला गॅस डिटेक्टर गप्प बसलाय म्हणजे हवा श्वास घेण्याजोगी आहे, असं अजिबात नाही. जुन्या टँकरवर काम केलेल्या माणसांची सवय आगीचा आकडा बघण्याची असते. मिथेनॉलच्या जहाजावर विषाचा आकडा वेगळा बघावा लागतो, वेगळ्या मीटरवर. पंप रूममध्ये उतरण्यापूर्वी हा दुसरा मीटर खिशाला लावलेला असलाच पाहिजे. नाकावर विसंबायचं नाही. वास येईपर्यंत मर्यादा ओलांडलेली असू शकते.

आणखी एक साधी गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. इंधनाचा नमुना पाण्याच्या बाटलीत कधीही भरायचा नाही, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा. हे द्रव पाण्यासारखंच स्वच्छ दिसतं. बाटली टेबलावर राहते, ड्युटी बदलते आणि तहानलेला माणूस ती उचलतो. फर्नेस ऑइलच्या बाबतीत हे कधी घडणार नाही, कारण ते काळंकुट्ट आणि चिकट. आमची अख्खी पिढी अशा इंधनावर वाढली जे दिसतं, चिकटतं, लांबून घाण मारतं. मिथेनॉलमध्ये यातली एकही खूण नाही. म्हणून हाताच्या जुन्या सवयी मोडायला लागतात, आणि हे काम मशीन बदलण्यापेक्षा अवघड आहे.

आगीचंही तसंच. डिझेलची आग ज्वाळा आणि काळ्या धुरासकट दिसते. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये जवाहर द्वीपावर, म्हणजे आपल्या बुचर आयलंडवर, वीज पडून डिझेलची टाकी पेटली, तेव्हा तो धूर शहरातून दिसत होता. मिथेनॉल निळसर जळतं आणि लख्ख उन्हात त्याची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून अशा जहाजांवर उष्णता ओळखणारे कॅमेरे आणि डिटेक्टर लावतात. साधा फोम यावर चालत नाही. मिथेनॉल त्यातलं पाणी शोषून घेतं आणि फोमचा थर फुटतो. अल्कोहोलला टिकणारा फोमच लागतो. पाणी मारून विझवता येतं, पण भरपूर पाणी लागतं. पंचवीस टक्के मिथेनॉल आणि पंचाहत्तर टक्के पाणी असं मिश्रणसुद्धा पेटू शकतं. म्हणजे बिल्जमध्ये (जहाजाच्या तळाशी सांडपाणी साचतं तिथे) शंभर लिटर सांडलं, तर तीनशे लिटर पाणी ओतून ‘झालं’ म्हणता येत नाही.

हे सगळं वाचून घाबरू नका. धोका काय आहे ते नेमकं माहीत असल्यामुळेच त्यावर नियम आहेत. जहाजाच्या इंधनाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो आकडा, किमान ६० अंश सेल्सिअस असावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मिथेनॉलचा जेमतेम ११-१२ अंश, म्हणजे मुंबईच्या जानेवारीतल्या पहाटेच्याही खाली. त्यामुळे त्याला आयजीएफ कोडची (वायू आणि कमी फ्लॅश पॉइंटच्या इंधनांवरच्या जहाजांसाठीच्या नियमावलीची) वेगळी वाट आहे, आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२० मध्ये मिथेनॉल-इथेनॉलसाठी खास मार्गदर्शक नियम काढले. त्यांचा गाभा असा की इंजिन रूममधल्या माणसाच्या आणि मिथेनॉलच्या मध्ये कायम दुसरी भिंत हवी. इंधनाचा पाइप दुहेरी असतो. आतल्या नळीत मिथेनॉल, बाहेरच्या नळीत हवा, आणि ही हवा तासाला तीस वेळा बदलत राहते. आतली नळी गळली तर वाफ खोलीत येत नाही, आधी त्या फटीतल्या डिटेक्टरला कळते आणि इंजिन आपोआप डिझेलवर जातं. टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन भरलेला असतो, भोवती कॉफरडॅम, म्हणजे दोन भिंतींमधली रिकामी जागा, असते. मिथेनॉल बंद केलं की पाइपलाइन नायट्रोजनने साफ केली जाते, म्हणजे दुरुस्तीला कुणी नट सोडला तर आत थेंब नसावा.

अपघाताचा धोका बहुतेक वेळा इंजिनात नसतो, तो बंकर स्टेशनवर, म्हणजे जहाजात इंधन भरायच्या जागी असतो, होज (इंधनाची लवचीक नळी) जोडताना आणि सोडताना. बार्जवरून इंधन भरून झालं, सगळे थकलेत, पाऊस येतोय, दुसऱ्या बार्जला यायचंय. अशा वेळी होजमधलं उरलंसुरलं नायट्रोजनने ढकलून काढायला जी दहा-पंधरा मिनिटं लागतात, ती वाचवायचा मोह होतो. होज सुटतो, अर्धी बादली मिथेनॉल ड्रिप ट्रेमध्ये पडतं, शिंतोडे हातमोज्यांच्या आत जातात. तुमच्या मुलाला सांगा, त्या पंधरा मिनिटांसाठी कुणाशीही वाद घालावा लागला तरी घालायचा. चीफशी सुद्धा. चांगला चीफ त्याचं कौतुक करील. शिंतोडा उडालाच तर कपडे लगेच काढायचे, भरपूर पाण्याने धुवायचं, डोळ्यांत गेलं तर आय वॉशखाली (डोळे धुण्याच्या नळाखाली) पंधरा मिनिटं उभं राहायचं, आणि बरं वाटत असलं तरी कळवायचं. लक्षणं उशिरा दिसतात, म्हणून हे शेवटचं विसरून चालत नाही.

आता हे इंधन मुळात आणलंच कशाला?

याचं खरं कारण असं की ते द्रव आहे. मला तरी बाकीच्या सगळ्या कारणांपेक्षा हे मोठं वाटतं. एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) उणे १६२ अंशांवर ठेवावा लागतो, हायड्रोजन द्रवरूपात उणे २५३ वर. अमोनिया उणे ३३ वर द्रव होतो, पण त्याचं विष मिथेनॉलपेक्षा कितीतरी जलद मारतं. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि त्याखाली साध्या टाकीत निवांत बसतं. योग्य पेंटचा थर दिला तर जहाजाच्या तळातल्या बॅलास्ट टाक्याही (जहाज स्थिर ठेवायला पाणी भरतात त्या) त्यासाठी बदलून घेता येतात. म्हणूनच २०१५ मध्ये गोथेनबर्ग ते कील धावणारी ‘स्टेना जर्मेनिका’ ही जुनी फेरी मिथेनॉलवर बदलता आली. पुढल्याच वर्षी मिथेनॉल वाहून नेणारे टँकर आपल्याच मालावर चालू लागले. २०२३ मध्ये मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं २,१०० कंटेनरचं ‘लॉरा मर्स्क’ कोरियातून निघून कोपनहेगनला पोहोचलं. २०२४ मध्ये सोळा हजार कंटेनरच्या वर्गातली जहाजं आली आणि ‘मर्स्क हॅलिफॅक्स’ हे चालू मोठं कंटेनर जहाज यार्डात नेऊन बदलून घेतलं गेलं.

इंजिन पूर्णपणे वेगळं नसतं. मिथेनॉल दाबाने पेट घेण्यात अगदी मठ्ठ आहे, म्हणून सुरुवातीला थोडं डिझेल फवारून आग लावतात. याला पायलट फ्युएल म्हणतात, आणि मोठ्या दोन-स्ट्रोक इंजिनात ते एकूण ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे ‘मिथेनॉलचं जहाज’ हे नेहमीच दोन इंधनांचं जहाज असतं. टाकी रिकामी झाली, मिथेनॉल मिळालं नाही, तर ते साध्या तेलावर चालतं. हे सुरक्षेसाठी चांगलं आहे. पण मिथेनॉलवर चालू शकणारं जहाज रोज मिथेनॉलवरच चालतं असं नाही, हेही यातून समजून घ्या. मिथेनॉलला वंगणाचा गुण जवळजवळ नाही, त्यामुळे इंजेक्टरमध्ये वेगळं सीलिंग ऑइल द्यावं लागतं आणि इंजेक्टरची झीज नीट बघावी लागते. ॲल्युमिनियम आणि जस्त ते खातं, साधी रबरी सील फुगवतं. चुकीचा ओ-रिंग बसला तर काही दिवसांतच गळती सुरू होते. सुटे भाग स्वस्तात कुठूनतरी आणण्याची सवय इथे महागात पडते.

आता स्वच्छतेकडे येऊ. मी हिशोब करूनच दाखवतो. समजा एक मध्यम कंटेनर जहाज दिवसाला ५० टन जड तेल (तेच फर्नेस ऑइल) जाळतं. एक किलो तेलात जितकी ऊर्जा, तितकी मिळवायला मिथेनॉल दोन किलो लागतं. म्हणजे दिवसाला १०० टन. जागा तर जवळजवळ अडीच पट, कारण मिथेनॉल हलकं आहे. बाजारात कुणी टनाचा भाव सांगून ‘बघा, तेलाइतकंच स्वस्त’ म्हणालं, तर आधी दोनने गुणा. ५० टन तेल जळून सुमारे १५५ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, १०० टन मिथेनॉलमधून सुमारे १३८ टन. फरक फक्त दहा-अकरा टक्क्यांचा. यासाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

धुराड्यातलं बाकी चित्र मात्र खरंच बदलतं. मिथेनॉलमध्ये गंधक नाही, आणि त्याच्या रेणूत कार्बनला कार्बन जोडलेलाच नसतो, म्हणून काजळी जवळजवळ तयार होत नाही. नायट्रोजनचे ऑक्साइडही कमी होतात, इंधनात थोडं पाणी मिसळलं तर आणखी. इंजिन नीट ट्यून नसेल तर थोडं फॉर्माल्डिहाइड निसटू शकतं, तेवढं बघावं लागतं. शिवडी, वडाळा, उरण अशा बंदराच्या कडेला राहणाऱ्यांच्या फुप्फुसांसाठी हा फायदा मोठा आहे. मी तो कमी लेखत नाही. आणि समुद्रासाठी तर फारच मोठा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली, तेव्हा सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेलं. खारफुटीच्या मुळांवर काळा थर बसला, मुंबई-रायगडच्या कोळ्यांची मासेमारी थांबली. त्या जागी मिथेनॉल असतं तर ते पाण्यात पूर्ण विरघळलं असतं आणि जीवाणूंनी काही दिवसांत संपवलं असतं. सांडल्या जागी मासे मेले असते, जवळच्या बोटीवरच्या माणसांना वाफेचा धोका झाला असता, पण किनाऱ्यावर महिनोन्‌महिने तेल खरवडायची वेळ आली नसती. आपल्या खाड्यांवर ज्यांचं पोट आहे, त्यांच्यासाठी ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पण हवामानाचा हिशोब वेगळा आहे. आज जगात बनणारं बहुतेक सगळं मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून किंवा, चीनमध्ये, कोळशापासून बनतं. वायू काढणं, त्याची गळती, कारखान्यातली उष्णता हे सगळं धरलं तर वायूपासूनच्या मिथेनॉलचं एकूण उत्सर्जन जड तेलापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी जास्तच भरतं. कोळशाचं असेल तर दुपटीच्या आसपास जातं. म्हणजे मुंबईच्या आकाशात धूर कमी आणि कारखान्याच्या आकाशात जास्त. अशा मिथेनॉलला हिरवं म्हणणं मला मान्य नाही, मग जहाजाच्या अंगावर कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो.

स्वच्छ मिथेनॉल दोन वाटांनी मिळतं. एक, शेण, पिकांचा उरलेला भाग, शहरातला कचरा अशा जैविक वस्तूंपासून. दुसरी वाट, सौर किंवा पवन विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि जैविक स्रोतातून पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग करायचा. इथे जळताना जो कार्बन बाहेर पडतो तो आधी हवेतूनच आलेला असतो. रसायन सोपं आहे. वीज मात्र खूप लागते. एक टन मिथेनॉलला १.३७५ टन कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे १९० किलो हायड्रोजन लागतो, आणि तेवढा हायड्रोजन काढायला जवळपास दहा हजार युनिट वीज. माझं वरचं जहाज वर्षातले २५० दिवस चाललं तर २५ हजार टन मिथेनॉल, म्हणजे २५ कोटी युनिट. महिन्याला २५० युनिट वापरणारी पनवेल-कल्याणमधली सुमारे ८३ हजार घरं वर्षभर चालतील एवढी वीज, फक्त एका जहाजासाठी.

मे २०२५ मध्ये डेन्मार्कच्या कासो इथे अशा मिथेनॉलचा पहिला मोठा व्यापारी कारखाना सुरू झाला. क्षमता वर्षाला ४२ हजार टन. वरच्या हिशोबाने पाहिलं तर दोन जहाजांनाही पुरत नाही. स्वीडनमधला ५५ हजार टनांचा ‘फ्लॅगशिप-वन’ प्रकल्प ऑर्स्टेड कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये बांधकामाच्या मध्येच सोडून दिला, कारण खरेदीचे लांब मुदतीचे करार परवडणाऱ्या भावात झाले नाहीत. मिथेनॉलचा झेंडा घेऊन निघालेल्या मर्स्कनेही डिसेंबर २०२४ मध्ये एलएनजीवर चालणाऱ्या जहाजांच्या ऑर्डर दिल्या. जहाजं आधी आली आणि इंधन मागे राहिलं, अशी आजची अवस्था आहे.

यावर भाव आणि नियमच तोडगा काढू शकतात. युरोपने जहाजांना कार्बनचा खर्च २०२४ पासून लावला आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘फ्युएल-ईयू’ नियमाने इंधनाचं उत्सर्जन उगमापासून मोजायला सुरुवात केली. हा दुसरा नियम मला विशेष पटतो, कारण त्यात वायूच्या मिथेनॉलला स्वच्छ म्हणून मिरवता येत नाही. जागतिक पातळीवर २०२३ मध्ये २०५० च्या सुमारास निव्वळ शून्याचं उद्दिष्ट ठरलं. त्यासाठीची दंड-बक्षिसाची चौकट ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनला मंजूर व्हायची होती, ती ५७ विरुद्ध ४९ मतांनी वर्षभर पुढे ढकलली गेली. कारखाना उभारणारा माणूस वीस वर्षांचा हिशोब मांडून पैसे घालतो. नियमच वर्षभर लटकले तर त्याने कर्ज कुठल्या भरवशावर काढायचं?

मुंबईचं म्हणाल तर माझं मत जरा वेगळं आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसला जाणाऱ्या लाँच, गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटी, बंदरातले जहाजं ओढणारे टग यांना मिथेनॉल देऊ नये. अंतर कमी, रोज संध्याकाळी घरी परत येणारी बोट. तिथे बॅटरी बरी. प्रवाशांच्या गर्दीत आणि लहान बोटीत असं विषारी, न दिसणारी आग लागणारं इंधन आणण्याची गरजच नाही. धक्क्याला लागलेल्या मोठ्या जहाजालाही आधी किनाऱ्यावरून वीज द्यावी. शिवडीच्या हवेसाठी तोच सर्वांत सरळ उपाय आहे. मिथेनॉल राखून ठेवावं ते न्हावा शेवाहून युरोपला जाणाऱ्या जहाजांसाठी, ज्यांना बॅटरी कधीच पुरणार नाही.

त्या जहाजांसाठी मुंबईकडे एक गोष्ट तयार आहे, ती म्हणजे माणसं. पीरपावच्या केमिकल जेट्टीवर आणि जेएनपीएच्या (न्हावा शेवा बंदराच्या) लिक्विड बर्थवर रसायनांचे टँकर वर्षानुवर्षं लागतात. ट्रॉम्बेला आरसीएफ या सरकारी खत कंपनीने नैसर्गिक वायूपासून मिथेनॉल बनवलेलं आहे. जहाजांवर देखरेख करणाऱ्या डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं कार्यालय इथे, जहाजांची तांत्रिक तपासणी करणारं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग इथेच पवईला, मरीन इंजिनीअर घडवणाऱ्या जुन्या संस्था इथे. तुतिकोरिनला ७५० घनमीटरच्या हरित मिथेनॉल भरण्याच्या प्रायोगिक सुविधेची पायाभरणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. मुंबईने मागे राहण्याचं कारण नाही. वाढवणचं बंदर तर अजून उभं राहतंय. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. टाक्या, पाइपलाइन आणि सुरक्षित अंतर यांची जागा आत्ताच नकाशावर राखली नाही, तर नंतर कंटेनर यार्डात कुणी ती देणार नाही.

आणि इंधन कुठून आणायचं? आज भारतात मिथेनॉल बहुतांशी आखातातून आयात होतं, तेही वायूपासूनचं. तेच आणून जहाजात भरलं तर वरचा सगळा हिशोब फसतो. मला आशा वाटते ती कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरच्या साखर कारखान्यांकडून. मळीपासून इथेनॉल बनवताना किण्वनाच्या टाकीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो जवळजवळ शुद्ध असतो आणि पूर्णपणे उसाचा, म्हणजे जैविक. लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलो. रोज एक लाख लिटर बनवणाऱ्या डिस्टिलरीतून दिवसाला ७५ टन. त्याला हायड्रोजन मिळाला तर पन्नासेक टन मिथेनॉल बनेल, माझ्या त्या जहाजाची अर्ध्या दिवसाची भूक. हायड्रोजनसाठी रोज पाच लाख युनिट स्वच्छ वीज लागेल आणि खरी अडचण तीच आहे. गळीत हंगामाबाहेर डिस्टिलरी किती दिवस चालते हाही प्रश्न आहे. बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) मिथेनॉल करण्याचं बोललं जातं, पण बगॅस आधीच वीजनिर्मितीत जातो, तो फुकट पडलेला नाही. तरीही जगात इतरत्र जैविक कार्बन शोधत फिरावं लागतं, तो आपल्याकडे एका टाकीच्या तोंडाशी मिळतो. टँकरने इथेनॉल नेण्याची व्यवस्थाही राज्यात आहे. सहकारी कारखान्यांनी यात जेएनपीएशी बोलणी करावीत असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या मुलाकडे परत येतो. जॉइन होण्यापूर्वी त्याचा आयजीएफचा बेसिक कोर्स झालेला हवाच. पुढे इंजिनीअर ऑफिसर म्हणून इंधनाची जबाबदारी घ्यायची तर ॲडव्हान्स्ड लागतो, आणि त्यासाठी अशा जहाजावरचा किमान एक महिना आणि बंकरिंगच्या (इंधन भरण्याच्या) तीन कामांतला सहभाग दाखवावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक बंकरिंगची नोंद स्वतःकडे ठेवायची आणि चीफची सही घ्यायची. आज अशी माणसं कमी आहेत, त्यामुळे करिअरसाठी ही संधी चांगलीच आहे.

जहाजावर चढल्यावर त्याने पहिल्या आठवड्यात काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघाव्यात. विषाची मर्यादा दाखवणारा वैयक्तिक मीटर प्रत्येकाला मिळतो का, आणि तो शेवटचा कधी तपासला? हातमोजे ब्युटाइल रबरचे आहेत की साधे? अल्कोहोलला टिकणारा फोम किती आहे? आय वॉशमधून पाणी खरंच येतं का, हे नळ उघडून बघायचं. औषधांच्या कपाटात मिथेनॉलच्या विषबाधेसाठी काय ठेवलंय, आणि ते द्यायचं कुणी, हे कॅप्टन किंवा सेकंड ऑफिसरला विचारायचं. आणि बंकर डिलिव्हरी नोट (भरलेल्या इंधनाची पावती) हातात आली की भरलेलं मिथेनॉल वायूचं, कोळशाचं की जैविक, त्याचं प्रमाणपत्र सोबत आहे का, ते वाचायचं. ज्युनिअरने असं विचारलं तर कुणी रागावणार नाही. रागावलंच, तर त्याने मला कळवावं. मी त्या कंपनीच्या सुपरिंटेंडंटशी बोलेन.